रात्रीचा व्हॉइसमेल चार मोबाइलवर पोचवायचा कसा, आणि तो कोणी घेतला हे कळणार कसं

प्रश्न थोडक्यात असा. लिफ्टच्या देखभालीची छोटी कंपनी, ऑफिस पुण्यात, सोसायट्यांचे वार्षिक करार. ऑफिसात फ्रीपीबीएक्सचा (ऑफिसचे फोन हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरचा) सर्व्हर आणि चार चॅनेलची, म्हणजे एका वेळी चार फोन चालतील अशी, एसआयपी ट्रंक (नेटवर्कवरून चालणारी टेलिफोन लाइन). संध्याकाळी साडेसातनंतर आलेला फोन व्हॉइसमेलला जातो आणि मेसेज दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडल्यावर कोणीतरी ऐकतं. आता मेसेज पडल्या पडल्या तो चारही मेकॅनिकांच्या मोबाइलवर जायला हवा आहे. ते कसं करायचं?

मेसेज चार नंबरांवर पोचवणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि ते खाली सगळं सांगतो. पण तेवढंच केलंत तर तुमची अडचण सुटणार नाही. हे इतक्या खात्रीने सांगतोय, कारण माझ्या हातून एकदा नेमकं तेवढंच झालं होतं. द्राक्षाच्या हंगामात एका शीतगृहासाठी मी अशीच सोय करून दिली होती. रात्री कॉम्प्रेसर बंद पडला तर वॉचमनने एक नंबर फिरवायचा, मेसेज बोलायचा, आणि तो चार जणांच्या मोबाइलवर एकाच वेळी जायचा. मार्चमधल्या एका रात्री पावणेदोनला वॉचमनने मेसेज दिला. यंत्रणेने चौघांना फोन लावले, चौघांनी उचलले, चौघांनी मेसेज शेवटपर्यंत ऐकला. सकाळी सहापर्यंत तिथे कोणीही पोचलं नव्हतं. प्रत्येकाला वाटलं, दुसरा जवळ राहतो, तो गेला असेल. मी लॉग उघडून बसलो तर त्यात एकही चूक सापडेना. चार फोन, चारही उचललेले, चारही पूर्ण. खोलीतला माल मात्र गरम झाला होता.

तेव्हापासून मी असं काम घेतलं की पहिला प्रश्न विचारतो, 'मेसेज घेतला कोणी, हे यंत्रणेला कसं कळणार?' तुमच्या बाबतीतही सगळी रचना या एका प्रश्नाभोवती करा.

आता सुरुवात व्हॉइसमेलच्याही अगोदरून करू या. तुमच्याकडे रात्री येणारे फोन दोन प्रकारचे असणार. एक, 'लिफ्ट बंद आहे, सकाळी या.' दुसरा, 'लिफ्ट मध्येच थांबली आहे आणि आत माणूस आहे.' दुसऱ्या प्रकारच्या फोनला व्हॉइसमेलच्या भरवशावर सोडू नका. फोन लागला की लगेच विचारा, 'लिफ्टमध्ये कोणी अडकलं असेल तर एक दाबा.' एक दाबला की फोन थेट रिंग ग्रुपला जाऊ द्या, ड्यूटीवरचा मेकॅनिक आणि त्याच्या जोडीचा, दोघांचे मोबाइल एकदम वाजू द्या. साधारण तीस-पस्तीस सेकंदांत कोणी घेतला नाही तर वॉचमनला स्पष्ट ऐकू आलं पाहिजे की अग्निशमन दलाला १०१ वर फोन करा, आतल्या माणसाशी बोलत राहा, आणि दार ओढून उघडायचा प्रयत्न करू नका. त्यानंतर मेसेज घ्या. असा मेसेज 'अर्जंट' म्हणून नोंदवता येतो. व्हॉइसमेलच्या आज्ञेत कॅपिटल यू हा पर्याय लावला की झालं.

रिंग ग्रुपमध्ये दोन गोष्टी हमखास चुकतात. बाहेरचा नंबर लिहिताना शेवटी हॅशचं चिन्ह लावावं लागतं, नाहीतर फ्रीपीबीएक्स त्याला ऑफिसातलं एक्स्टेन्शन समजून शोधत बसतं. आणि 'कन्फर्म कॉल्स'चा पर्याय चालू करायलाच हवा. तो चालू असला की मोबाइल उचलणाऱ्याला आधी एक दाबावा लागतो, मगच फोन जोडला जातो. तो बंद असेल तर फोन कुठल्याही यंत्राने उचलला तरी तुमच्या सर्व्हरला वाटतं माणसाने उचलला. मेकॅनिकच्या मोबाइलवर आपोआप उत्तर देणारी सोय चालू असली तर बिचारा वॉचमन त्या सोयीशी बोलत राहतो आणि दुसऱ्या मेकॅनिकचा फोन वाजायचा थांबतो. रिंग ग्रुपमध्ये हा पर्याय सगळे फोन एकदम वाजवायच्या पद्धतीतच चालतो, हेही लक्षात असू द्या.

आता मेसेजकडे. एकच मेसेज अनेकांकडे पाठवायचे रस्ते तीन.

पहिला रस्ता अॅस्टेरिस्कमध्ये, म्हणजे फ्रीपीबीएक्स ज्यावर चालतं त्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, तयारच आहे. व्हॉइसमेलच्या आज्ञेत एका पेटीऐवजी (पेटी म्हणजे मेसेज साठवायचा मेलबॉक्स) तीन-चार पेट्यांचे क्रमांक अँडच्या चिन्हाने जोडून दिले की बोललेला मेसेज त्या सगळ्या पेट्यांत जातो. फोन करणाऱ्याला ऐकू येणारं स्वागत पहिल्या पेटीचं असतं. यादीत चुकून नसलेल्या पेटीचा क्रमांक पडला तर फोन तिथेच अडकू शकतो, म्हणून कोणी नोकरी सोडून गेलं आणि त्याची पेटी काढून टाकली तर ही यादीही त्याच दिवशी बदला. तुमच्यासाठी मात्र हा रस्ता मी सुचवणार नाही. एका मेसेजच्या चार प्रती झाल्या की एकाने ऐकून पुसला तरी उरलेल्या तिघांकडे तो 'नवीन' म्हणूनच पडून राहतो, आणि मग सकाळी तीन वेगवेगळे लोक त्याच सोसायटीला फोन करतात. रात्रीच्या मेसेजसाठी एकच सामायिक पेटी ठेवा. मी ती ७०० किंवा ९०० अशा सहज लक्षात राहणाऱ्या क्रमांकाची करतो.

दुसरा रस्ता ई-मेलचा. पेटीला मेलचा पत्ता द्या आणि ध्वनिफीत जोडायचा पर्याय चालू करा. चार जणांना पाठवायचं तर पेटीत चार पत्ते कोंबण्यापेक्षा मेलच्या बाजूला एक सामायिक पत्ता तयार करा आणि माणसं तिथे वाढवा-कमी करा, म्हणजे त्यासाठी टेलिफोनच्या सर्व्हरला हात लावावा लागत नाही. फीत साध्या वेव्ह स्वरूपात ठेवली तर मिनिटाला जवळपास एक एमबी होते. वेव्ह एकोणपन्नास नावाचं दाबलेलं स्वरूप त्याच्या साधारण दहाव्या हिश्शात बसतं, पण सगळ्या मोबाइलवर ते वाजतंच असं नाही. आजच्या डेटाच्या दिवसांत एक एमबी वाचवण्यासाठी कुणाचा मेसेज न वाजणं परवडत नाही, साधं वेव्हच ठेवा. टेलिफोनच्या सर्व्हरमधून मेल थेट पाठवू नका, तो स्पॅममध्ये जाऊन बसतो. कंपनीच्या नेहमीच्या मेलसेवेत लॉगिन करून तिच्यातर्फे पाठवा.

मेल जरूर चालू ठेवा, पण नोंद म्हणून. सकाळी मालकाला, सुपरवायझरला रात्रभरात काय आलं ते एका जागी दिसतं, सोसायटीशी वाद झाला तर वेळेसकट पुरावा असतो. झोपलेला माणूस मात्र मेलच्या टिंग आवाजाने उठत नाही.

म्हणून तिसरा रस्ता. मेसेज पडला की सर्व्हरने स्वतः मेकॅनिकला फोन करायचा, मेसेज ऐकवायचा, आणि 'घेतो' असं त्याच्याकडून वदवून घ्यायचं. फ्रीपीबीएक्ससाठी विकत मिळणाऱ्या मोड्यूलमध्ये ही सोय आहे आणि कोणाला हाताने काही लिहायचं नसेल तर ते घेणं शहाणपणाचं. पण अॅस्टेरिस्क मुळातच मुक्त सॉफ्टवेअर असल्याने लागणारी सगळी हत्यारं आत आहेत. मी ती कशी जोडतो ते सांगतो.

व्हॉइसमेलच्या सेटिंगमध्ये 'एक्स्टर्ननोटिफाय' नावाची एक जागा आहे. तिथे तुमच्या स्क्रिप्टचा, म्हणजे आपोआप चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमच्या फाइलचा, पूर्ण पत्ता द्यायचा. मेसेज पडला की अॅस्टेरिस्क ती स्क्रिप्ट चालवतं आणि तिला पेटीचा गट, पेटीचा क्रमांक आणि नव्या मेसेजची संख्या सांगतं. हे सेटिंग फ्रीपीबीएक्सच्या पडद्यावरूनच करा. सेटिंगची कॉन्फ फाइल हाताने बदललीत तर पुढच्या वेळी कोणी 'अप्लाय कॉन्फिग' दाबलं की तुमचा बदल पुसला जाऊ शकतो. फोन आल्यावर काय ऐकवायचं, कुठला आकडा दाबल्यावर काय व्हायचं, हा भागही 'एक्स्टेन्शन्स कस्टम' या राखीव फाइलमध्येच लिहा, तिला फ्रीपीबीएक्स हात लावत नाही.

इथे एक खाचखळगा असा आहे की त्यात प्रत्येक जण एकदा तरी पडतोच. एक्स्टर्ननोटिफाय फक्त नवा मेसेज आल्यावर चालत नाही. कोणी पेटी उघडून मेसेज ऐकला, पुसला आणि बाहेर पडला, तरीही ती स्क्रिप्ट चालते. म्हणजे सकाळी ऑफिसातल्या मॅडम मेसेज ऐकून पुसतात आणि त्याच क्षणी चार मेकॅनिकांचे मोबाइल वाजायला लागतात. म्हणून स्क्रिप्टने आधी नव्या मेसेजची संख्या शून्याहून जास्त आहे का ते बघायचं, आणि मग इनबॉक्सच्या फोल्डरमधल्या शेवटच्या मेसेजची माहिती वाचायची. प्रत्येक ध्वनिफितीशेजारी त्याच नावाची एक छोटी टेक्स्ट फाइल असते. तिच्यात फोन करणाऱ्याचा नंबर, आलेली वेळ आणि लांबी असते. नंबर आणि वेळ ही जोडी याआधी हाताळली आहे का हे एका साध्या यादीत बघायचं. हाताळली असेल तर मुकाट्याने बाहेर पडायचं.

नवी असेल तर पहिलं काम म्हणजे ध्वनिफितीची प्रत आपल्या वेगळ्या फोल्डरमध्ये काढून ठेवायची. हे कशासाठी? पेटीतल्या फितींना शून्यापासून क्रमांक असतात आणि मधला एखादा मेसेज पुसला की बाकीच्यांचे क्रमांक पुढेमागे होतात. तुम्ही दुसऱ्या मेकॅनिकला फोन लावत असताना कोणी पेटीत काही पुसलं तर त्याला भलत्याच सोसायटीचा मेसेज ऐकू जाईल. त्याच कारणाने पेटीवरचा 'डिलीट व्हॉइसमेल' हा पर्याय बंदच हवा. तो चालू असेल तर मेल गेल्याबरोबर मूळ फीत पुसली जाते आणि स्क्रिप्टच्या हाती काही लागत नाही.

मग फोन लावायचा. त्यासाठी 'कॉल फाइल' नावाची चार-सहा ओळींची टेक्स्ट फाइल बनवायची: कुठल्या ट्रंकवरून कुठला नंबर लावायचा, किती सेकंद वाजू द्यायचा, नाही उचलला तर किती वेळा आणि किती अंतराने पुन्हा लावायचा, आणि उचलल्यावर डायलप्लॅनमध्ये (फोनचं पुढे काय करायचं ते लिहिलेल्या नियमांत) कुठे जायचं. ही फाइल अॅस्टेरिस्कच्या स्पूलमधल्या 'आउटगोइंग' फोल्डरमध्ये पडली की फोन लागतो. फाइल दुसरीकडे पूर्ण लिहून मग तिथे हलवायची, तिथल्या तिथे लिहायची नाही. अर्धवट लिहिलेली फाइलही अॅस्टेरिस्क उचलतं आणि अर्धवटच वाचतं. 'किती वेळाने पुन्हा' याचं मुळातलं मूल्य ३०० सेकंद आहे. रात्री अडकलेल्या माणसासाठी पाच मिनिटं म्हणजे फार झाली. मी पंचेचाळीस ते साठ सेकंद ठेवतो.

नंबर लिहिताना मोबाइलच्या दहा आकड्यांआधी शून्य लावा. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना शून्य सक्तीचा आहे आणि तुमच्या ऑफिसची ट्रंक लँडलाइनच्या क्रमांकाची असेल तर तिलाही तो लागतो. ऑफिसातून हाताने फोन लावताना आउटबाउंड रूट, म्हणजे बाहेर जाणाऱ्या फोनांचा सर्व्हरमध्ये ठरवलेला मार्ग, हा शून्य गुपचूप लावून देतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. कॉल फाइलमधून थेट ट्रंकवर गेलात की तो रूट वाटेत येतच नाही आणि सगळे फोन फसतात. दिवसा सगळं चालतं, रात्री एकही फोन लागत नाही, अशी तक्रार माझ्याकडे आली की मी पहिल्यांदा हा शून्यच बघतो.

दुसरी तशीच दिवसा न दिसणारी चूक परवानगीची. स्क्रिप्ट तपासताना आपण 'रूट' या सर्वाधिकार असलेल्या युजरच्या नावाने लॉगिन केलेलं असतं. अॅस्टेरिस्क मात्र ती स्वतःच्या वेगळ्या युजरच्या नावाने चालवतं, आणि त्या युजरला तुमच्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी नसते. तपासायचं तर त्याच युजरच्या नावाने चालवून तपासा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, चौघांना एकदम फोन लावायचे की एकामागून एक? तुमची ट्रंक चार चॅनेलची आहे. चार मोबाइल एकदम वाजवलेत की चारही चॅनेल भरले. त्या मिनिटात दुसऱ्या सोसायटीच्या वॉचमनने फोन केला तर त्याला एंगेज टोन येणार. पावसाळ्यात वीज गेली-आली की एकाच परिसरातल्या तीन-चार लिफ्ट एकदम अडकतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, म्हणजे नेमका तोच प्रसंग. म्हणून एका वेळी दोनपेक्षा जास्त चॅनेल बाहेर जाणाऱ्या फोनांना देऊ नका.

क्रम मी असा लावतो. आधी ड्यूटीवरच्या मेकॅनिकला, चाळीस सेकंद. नाही घेतला तर मिनिटभराने पुन्हा त्यालाच. बाथरूममध्ये असलेला, गाडी चालवणारा माणूस दुसऱ्यांदा वाजला की उचलतोच. तरीही नाही, तर त्याला आणि त्याच्या जोडीदाराला एकदम. मग उरलेले दोघे. शेवटी सुपरवायझर किंवा मालक, आणि त्याला मेसेजच्या आधी ऐकू यायला हवं की चौघांपैकी कोणीही घेतलेला नाही. हा सगळा फेरा सात-आठ मिनिटांत पुरा होतो. अर्जंट मेसेजला मधल्या पायऱ्या गाळून थेट दोघांपासून सुरुवात करा.

फोन उचलल्यावर मेकॅनिकला काय ऐकू यायला हवं ते लिहून देतो, असंच रेकॉर्ड करा: 'रात्रीचा मेसेज आहे. ऐकण्यासाठी एक दाबा.' एक दाबल्यावर मेसेज. मेसेज संपला की, 'हे काम तुम्ही घेत असाल तर पाच दाबा. पुन्हा ऐकायचा असेल तर एक. जमत नसेल तर नऊ.' पाच दाबल्यावर सर्व्हरने त्या मेसेजपुढे त्याचं नाव आणि वेळ नोंदवायची, बाकीच्यांसाठी रांगेत असलेल्या कॉल फाइल काढून टाकायच्या, आणि त्याला वॉचमनचा नंबर आकड्या-आकड्याने वाचून दाखवायचा. नऊ दाबलं की मिनिटभर न थांबता लगेच पुढच्याला. काहीच न दाबता फोन ठेवला तर त्याने ऐकलं असं धरायचं नाही. शीतगृहात माझं चुकलं ते इथेच. उचलणं आणि ऐकणं यालाच मी उत्तर समजलो होतो.

ज्याने आधी मेसेज ऐकला होता पण पाच दाबला नव्हता, त्याला नंतर दहा सेकंदांचा एक फोन जाऊ द्या: 'तो मेसेज अमुक जणाने घेतला आहे.' अनेक जण हा फोन फालतू समजून गाळतात. गाळू नका. पावणेदोनला अर्धवट झोपेत मेसेज ऐकलेला माणूस आपण जायचं की नाही या विचारात जागा असतो, त्याला झोपू द्यायचं असेल तर हे सांगावंच लागतं.

दोघांनी एकाच क्षणी पाच दाबला तर? होतं असं, विशेषतः दोन फोन एकदम लावल्यावर. नोंद करण्याआधी अॅस्टेरिस्कचं 'लॉक' वापरा, म्हणजे पहिल्याचीच नोंद होते आणि दुसऱ्याला 'आत्ताच दुसऱ्याने घेतला' असं ऐकू येतं. पाच दाबूनही काही होत नसेल तर डीटीएमएफची, म्हणजे दाबलेले आकडे फोनवरून पाठवायची, पद्धत तपासा. ट्रंक देणारी कंपनी आकडे आरएफसी ४७३३ पद्धतीने (आवाजापासून वेगळे) पाठवत असेल आणि तुमच्याकडे इनबँड (आवाजातच मिसळलेले) असेल तर मेकॅनिक बटण दाबत राहतो आणि सर्व्हरला काही समजत नाही.

मेकॅनिकांच्या मोबाइलवरही पाच मिनिटांचं काम आहे आणि ते त्यांच्यावर सोडू नका, चहाच्या वेळी स्वतः करून द्या. ट्रंकवर एकापेक्षा जास्त नंबर असतील तर त्यातला एक फक्त या रात्रीच्या फोनांसाठी राखून ठेवा. तो नंबर प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये 'रात्रीचा मेसेज' या नावाने सेव्ह करा, त्याला वेगळी, कर्कश रिंगटोन लावा, आणि 'डू नॉट डिस्टर्ब' चालू असतानाही हा नंबर वाजेल असं सेटिंग करा. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या मेकॅनिकच्या बायकोला ती रिंगटोन पाठ झाली होती. तो गाढ झोपला असला तर तीच त्याला हलवून उठवायची.

आता वॉचमनच्या बाजूने बघा. आपल्याकडे व्हॉइसमेलची सवय नाही. बीप वाजली की निम्मे लोक फोन ठेवून देतात, त्यांना वाटतं फोन लागला नाही. मराठी माणूस असो की उत्तरेकडून आलेला, त्याची सवय मिस्ड कॉलची: मी फोन केला, आता तुम्ही करा. म्हणून स्वागत छोटं, ओळखीच्या आवाजात आणि मराठी-हिंदी दोन्हींत ठेवा, आणि अॅस्टेरिस्कची मूळची इंग्रजी सूचना बंद करा. माझा मजकूर साधारण असा असतो: 'ऑफिस बंद आहे, पण हा मेसेज आमच्या मेकॅनिकला लगेच जातो. सोसायटीचं नाव, विंग, कोणती लिफ्ट, काय झालंय आणि तुमचा मोबाइल नंबर सांगा. बोलून झालं की फोन ठेवा.' 'लगेच जातो' हे शब्द राहू द्या, ते ऐकलं की लोक बोलतात. वाचताना घाई नको, आणि रेकॉर्डिंग ८००० हर्ट्झ, मोनो, १६ बिट या मापाचं हवं, नाहीतर ते वाजणारच नाही किंवा किरकिरेल.

जे न बोलता फोन ठेवतात त्यांचं काय? तीन सेकंदांपेक्षा छोटे मेसेज टाकून द्यायचं सेटिंग असतं आणि ते सगळे चालू करतात, मीही करतो. पण टाकून दिलेल्या मेसेजचा नंबर टाकून देऊ नका. रात्रीच्या मार्गावर फोन आला, मेसेज पडला नाही आणि फोन तुटला, तर नुसता नंबर घेऊन तोच फेरा सुरू करा, फक्त मेसेजऐवजी 'या नंबरावरून फोन आला होता, मेसेज नाही' असं ऐकवा. करारातल्या सोसायट्यांच्या वॉचमनचे, सेक्रेटरींचे नंबर सर्व्हरमध्ये भरून ठेवलेत तर नंबराऐवजी सोसायटीचं नावही ऐकवता येतं. तुमच्या धंद्यात मेसेजपेक्षा हे असले रिकामे फोन जास्त येतील.

एसएमएसही जावा असं वाटत असेल तर सेवा घ्या, पण आधी डीएलटीवर (व्यापारी एसएमएसच्या नोंदणीच्या यंत्रणेवर) कंपनीची नोंदणी, हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि मजकुराचा साचा मंजूर करून घ्यावा लागतो. साचा न जुळणारा एसएमएस मध्येच अडवला जातो. साच्यात सोसायटी, नंबर आणि वेळ एवढ्या तीनच बदलत्या जागा ठेवा. फोनला पर्याय म्हणून त्याचा उपयोग नाही, वॉचमनचा नंबर हाताशी राहावा म्हणून आहे. आणि हीच यंत्रणा वापरून उद्या सोसायट्यांना करार नूतनीकरणाचे रेकॉर्डेड फोन करायचा मोह झाला तर थांबा. स्वतःच्या माणसांना कामाचा फोन करणं वेगळं आणि व्यापारी फोन वेगळे. त्यांना ट्रायचे (दूरसंचार नियामकाचे) २०१८ चे नियम लागतात, जाहिरातीच्या फोनांना नोंदणी आणि १४० ने सुरू होणाऱ्या नंबरांची मालिका लागते. खर्च वाचवायला साधी सिमकार्डं गेटवेत घालून फोन करायचा सल्ला कोणी दिला तर तोही ऐकू नका.

सुरक्षिततेचं एक सांगायलाच हवं, कारण त्यात लोकांचे पैसे गेलेले मी पाहिले आहेत. व्हॉइसमेलच्या पेटीत शिरून तिथून बाहेर फोन लावायची सोय अॅस्टेरिस्कमध्ये आहे. 'डायलआउट' आणि 'कॉलबॅक' या दोन जागा भरलेल्या असल्या की ती चालू होते. पेटीचा पिन १२३४ किंवा पेटीचाच क्रमांक असेल तर रात्रीत कोणीतरी परदेशी महागड्या नंबरांना फोन लावून बिल वाढवतं. दोन्ही जागा रिकाम्या ठेवा, पिन सहा आकडी ठेवा, आणि ट्रंकवर आयएसडी लागत नसेल तर कंपनीला सांगून बंदच करून घ्या.

चालू करण्याआधी एका संध्याकाळी बसून हे सगळं मुद्दाम मोडून बघा. ड्यूटीवाल्याचा मोबाइल बंद ठेवून मेसेज द्या. तो चालू ठेवून उचला आणि काहीच न दाबता ठेवा. मिनिटभरात दोन मेसेज द्या आणि दोन्हींची नोंद वेगळी होते का बघा. पेटी उघडून मेसेज पुसा, कोणाचा फोन वाजता कामा नये. मेसेजची वेळ भारतीय वेळेप्रमाणे सांगितली जाते का ऐका, टाइमझोनचं सेटिंग तसंच सोडलं तर रात्री दोनचा मेसेज संध्याकाळी साडेआठचा म्हणून ऐकू येतो. ऑफिसचा मेन स्विच बंद करून सर्व्हर यूपीएसवर किती वेळ चालतो ते घड्याळ लावून मोजा, आणि त्याच यूपीएसवर इंटरनेटचा राउटरही आहे ना हे वायर हाताने धरून बघा. सर्व्हर यूपीएसवर आणि राउटर भिंतीतल्या सॉकेटवर, हे मी इतक्या ऑफिसांत पाहिलंय की आता विचारत नाही, थेट वायरच धरतो.

राहिली ड्यूटीची यादी. ती स्क्रिप्टच्या आत लिहू नका, वेगळ्या छोट्या फाइलमध्ये ठेवा, म्हणजे ऑफिसातलं कोणीही ती बदलू शकेल. शनिवारी संध्याकाळी ऑफिस बंद करताना पुढच्या आठवड्याचा क्रम भरायचा. भरून झाला की सर्व्हरने नव्या ड्यूटीवाल्याला लगेच एक फोन करायचा, 'आज रात्रीपासून पहिला फोन तुम्हाला येईल, कळलं असेल तर पाच दाबा.' त्याने पाच दाबेपर्यंत जुन्या ड्यूटीवाल्याचं नाव यादीत पहिलंच राहू द्यायचं.